मथळ्यातून गळालेला ‘म्हणे’

वर्तमानपत्र म्हणजे इतिहासाचा पहिला खर्डा, असे एक वचन वृत्तपत्रव्यवसायातील मंडळींच्या तोंडी पुष्कळ दिवसांपासून बसले आहे. समारंभप्रसंगी ते हटकून निघते. आणि ज्या अर्थी ते इतक्या विनयाने उच्चारले जाते, त्या अर्थी त्यात मोठा अहंकार दडलेला असला पाहिजे, अशी शंका मला फार वर्षे येत होती. खर्डा म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांस कोणी सांगावयास नको. खर्ड्यात खाडाखोड असते. ज्याने चुकीचे लिहिले त्यानेच, त्याच कागदावर, त्याच ओळीवर काट मारून वर बरोबर शब्द लिहिलेला असतो, आणि वाचणाऱ्यास चूक व दुरुस्ती एकाच नजरेत दिसतात. खाडाखोड नसलेला खर्डा माझ्या हाती क्वचित आला, आणि आला तो दुसऱ्याच्या वहीवरून उतरलेला निघाला.

मग वर्तमानपत्राच्या या खर्ड्यातील खाडाखोड कोठे आहे? चूक पहिल्या पानाच्या माथ्यावर सारे रकाने व्यापून उभी असते. दुरुस्ती चौथ्या दिवशी आतल्या एखाद्या पानावर, निविदासूचना आणि नावात बदल यांच्या मधल्या बोळात, अंग चोरून बसलेली आढळते. आणि ती चष्म्याशिवाय वाचता येणार नाही अशी काळजी घेतलेली असते. यास खर्डा म्हणत नाहीत. चूक दवंडी पिटून सांगावयाची व माफी कानात मागावयाची, यास मराठीत निराळे शब्द आहेत. पण ते या मासिकात छापण्याजोगे नाहीत.

यावर उत्तर ठरलेले असते. ‘घाईचे काम आहे, चार चुका व्हावयाच्याच, आणि जुन्यापान्या चुकांवर आज वाद कसला? हसावे व सोडून द्यावे.’ हसण्यास माझी हरकत नाही. जुन्या मथळ्यांतील घोडचुका गोळा करून वाचण्यासारखी निर्मळ करमणूक थोडी आहे, आणि ती मीही करीत आलो आहे. माझे म्हणणे इतकेच की, हे हसू अर्ध्या वाटेवर थांबते. भूमितीत एखादे विधान असत्य ठरवावयाचे असल्यास ते क्षणभर सत्य मानून चालण्याची रीत आहे; चालता चालता एका त्रिकोणात दोन काटकोन येऊन बसतात, आणि विधान आपल्याच पायांनी खड्ड्यात जाते. तीच रीत मथळ्यांस लावून पाहावी. मथळा खरा धरावा, आणि त्याने निर्माण केलेल्या जगात एक दिवस संसार करून पाहावा.

प्रारंभ सर्वांच्या परिचयाच्या उदाहरणाने करू. १९४८ साली अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली, आणि मतमोजणी पुरी होण्यापूर्वीच ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ या पत्राने ३ नोव्हेंबरच्या अंकावर ‘ड्यूईकडून ट्रूमनचा पराभव’ असा मथळा छापून टाकला. छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्यांचा संप वर्षभर चालू होता. मजकूर टंकयंत्रावर उतरवून त्याचे ठसे करावे लागत आणि अंक नेहमीपेक्षा काही तास आधीच छापावयास सोडावा लागे. शिवाय ड्यूईसाहेब जिंकणार याविषयी जाणत्या मंडळींत कोणास संशयच नव्हता. सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या. प्रत्यक्षात ट्रूमनसाहेबांस ३०३ आणि ड्यूईसाहेबांस १८९ निर्वाचकमते मिळाली; आणि सेंट लुइसच्या स्टेशनात आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्जात उभे राहून, तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणाऱ्या ट्रूमनसाहेबांचे छायाचित्र अजरामर झाले.

आता मथळा खरा धरू. दीड लाख घरांपुरते ड्यूईसाहेब अध्यक्ष झाले. उरलेल्या देशाचे ट्रूमनसाहेब. शपथविधीच्या दिवशी दोन मिरवणुका निघणार, दोन भाषणे होणार, आणि परदेशचे वकील दोन्हीकडे फराळ करणार. राहावयाचे कोठे, हा एवढाच बिकट प्रश्न. पण येथे दैवाने अशी काही सोय करून ठेवली होती की, ती पाहून मथळा लिहिणाऱ्यासही धन्य वाटले असते. अध्यक्षांचे ‘व्हाइट हाउस’ त्या सुमारास इतके जीर्ण झाले होते की, ट्रूमनसाहेबांच्या कन्येच्या पियानोचा पाय फळीतून खाली गेला होता. आणि निवडणूक संपताच त्याच महिन्यात अध्यक्षांस समोरच्या ‘ब्लेअर हाउस’मध्ये बिऱ्हाड हलवावे लागले. वाडा आतून पोखरून नव्याने बांधला गेला आणि तेथे परत जाण्यास १९५२ साल उजाडले. तेव्हा खरा अध्यक्ष समोरच्या घरात आणि मथळ्यातला अध्यक्ष पोकळ वाड्यात, अशी वाटणी विनातक्रार झाली असती. मथळ्यातल्या अध्यक्षास कुजलेल्या फळ्यांचे भय नाही. त्याचे वजन ते किती? एका कागदाइतके.

याहून जुने आणि कल्पनेच्या दृष्टीने याहून पुष्कळ भव्य उदाहरण १८३५ सालचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. न्यूयॉर्कच्या ‘सन’ नामक एक सेंट किमतीच्या पत्राने २५ ऑगस्टपासून सहा लेखांची एक माला छापली. सर जॉन हर्शेल हे थोर ज्योतिर्विद त्या वेळी खरोखरच केप ऑफ गुड होप येथे दुर्बीण लावून बसले होते. त्यांच्या नावावर असे सांगण्यात आले की, चंद्रावर अरण्ये आहेत, समुद्र आहेत, मागल्या दोन पायांवर चालणारे, पिलांस कडेवर घेणारे आणि झोपडीत चूल पेटवणारे बीव्हर आहेत, आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसेही आहेत. बिचाऱ्या हर्शेलसाहेबांस यातले काहीच ठाऊक नव्हते. हा सारा प्रताप त्या पत्रातील रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक यांचा मानला जातो. पत्राने आपली बातमी रीतसर मागे अशी कधीच घेतली नाही.

मागे घेतली नाही, म्हणजे दप्तरी ती अद्याप कायम आहे. मग २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला, तेव्हा तेथे काय हलकल्लोळ माजला असेल याचा विचार करा. चुलीवरचे पातेले कलंडले. पिले कडेवरून खाली उतरून पळत सुटली. पंखधारी ग्रामस्थांची तातडीची सभा भरली. ‘प्रज्ञान’ नावाची सहा चाकांची गाडी शंभर मीटरभर हिंडली, ती कोणाच्या बांधावरून? त्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावे आहे? मोबदला कोणत्या खात्याने द्यावयाचा? आणि पंचनाम्यास तलाठ्याने जावयाचे तर त्याचा प्रवासभत्ता किती होईल? १८८ वर्षांपूर्वी एक दुरुस्ती छापली असती, तर ही सारी भानगड टळली असती.

आता असे उदाहरण घेऊ की ज्यात बातमी शंभर टक्के खरी होती. २९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. इंग्रज ज्योतिर्विदांनी ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळचे प्रिन्सिपे बेट येथून छायाचित्रे घेतली. आणि सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन यांच्या गणिताबरहुकूम वाकतो, असे ६ नोव्हेंबर रोजी लंडनच्या विद्वत्सभेत जाहीर केले. वाकतो म्हणजे किती? सूर्याच्या कडेपाशी १.७५ विकला, एका अंशाचे दोन हजार भाग केल्यास त्यांतील एखादा. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘विज्ञानात क्रांती’ आणि त्याखाली ‘न्यूटनच्या कल्पना उलथल्या’ असे मथळे दिले. (ते आतल्या पानावर होते. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्या काळी किरकोळ जाहिराती असत, बातम्या नसत, ही चाल मे १९६६ पर्यंत टिकली. मला ती चाल फार सभ्य वाटते.) ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १० नोव्हेंबरास त्यावरही कडी केली. आकाशातले दिवे सारे तिरपे झाले आहेत, तारे जेथे दिसतात तेथे ते नाहीत, गणिताने येतात तेथेही नाहीत, परंतु कोणी काळजी करू नये, असे त्या मथळ्याने व त्याच्या पोटमथळ्यांनी जगास कळविले. ही वार्ता लंडनहून पाठविणारे क्राउचसाहेब हे त्या पत्राचे गोल्फ खेळाचे बातमीदार होते.

न्यूटन उलथला, असे धरून चालू. मग रत्नागिरीस त्या दिवशी झाडावर चढलेल्या पाडेकऱ्याने नारळ तोडून खाली सोडले ते खाली आलेच नाहीत. ते तेथेच हवेत, मालकाची आज्ञा होईपर्यंत, घोंगावत राहिले. वाण्याच्या तराजूचे पारडे कोणत्या आधारावर झुकावे हे त्यास कळेना, आणि गिऱ्हाइकास आयुष्यात प्रथमच तूरडाळ मापात मिळाली. ताऱ्यांचे प्रकरण तर याहून गंभीर. तारे दिसतात तेथे नाहीत आणि गणिताने येतात तेथेही नाहीत, हे एकदा मोठ्या टाइपात जाहीर झाल्यावर, मूळ नक्षत्राची म्हणून ज्या ज्या मुलीचे स्थळ परत गेले त्या त्या मुलीच्या वडिलांनी पंचांगवाले, मध्यस्थ आणि सासरेपणाची उमेदवारी करणारे गृहस्थ यांवर नुकसानभरपाईच्या फिर्यादी लावावयास हव्या होत्या. तशी एकही लागली नाही, हे आपले दुर्दैव. चुकीच्या मथळ्याचा एवढा एक तरी उपयोग झाला असता. वस्तुतः न्यूटन जागचा हलला नव्हता. पुढे पन्नास वर्षांनी मनुष्य चंद्रावर गेला तो त्याच्याच गणिताच्या वाटेने गेला. बातमी खरी आणि मथळा खोटा, ही जात ओळखण्यास सर्वांत कठीण. कारण खाली खरे छापले आहे, ही सबब तिच्या खिशात नेहमी तयार असते.

‘न उडणारी उडती यंत्रे’ या मथळ्याची कथा थोडक्यात उरकतो. मनुष्यास उडता येण्यास गणिती व यंत्रज्ञ यांच्या अखंड परिश्रमाने दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील, असा हिशेब ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या मथळ्याखाली ९ ऑक्टोबर १९०३ रोजी मांडला. ६९ दिवसांनी, १७ डिसेंबरास, राइट बंधूंचे यंत्र बारा सेकंद उडाले. हिशेब खरा धरल्यास पुण्यामुंबईच्या ज्या आईबापांची मुले अमेरिकेत नांदत आहेत, त्यांनी आजही बोटीच्या तिकिटाची चौकशी करावी, आणि नातवाच्या बारशास निघून उष्टावणास पोहोचावे.

येथून पुढे मात्र हसू थोडे आवरावे लागते. १९०० साली चीनमध्ये ‘बॉक्सर’ बंडवाल्यांनी पेकिंगातील परदेशी वकिलातींस वेढा घातला. तारा तुटलेल्या, आतली खबर बाहेर येईना. १६ जुलैस लंडनच्या ‘डेली मेल’ने शांघायहून आलेल्या मजकुराच्या आधारे आतील सर्वांची कत्तल झाल्याचे साद्यंत वर्णन छापले. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅकडोनल्ड, चिनी जकातखात्याचे प्रमुख सर रॉबर्ट हार्ट आणि खुद्द आपलाच पेकिंगचा बातमीदार डॉक्टर मॉरिसन यांचे मृत्युलेख दिले. सेंट पॉलच्या देवळात प्रार्थनेची सिद्धता झाली, आणि ती ऐन वेळी थांबवावी लागली. तिघेही जिवंत होते. १४ ऑगस्टास वेढा उठला. हार्ट १९११ साली, मॅकडोनल्ड १९१५ साली आणि मॉरिसन १९२० साली वारले.

मॉरिसनसाहेबांची स्थिती मोठी चमत्कारिक. धन्यानेच ज्यास मृत ठरविले त्या नोकराचा पगार कोणत्या खाती टाकावयाचा? पुढच्या तारा ‘आमच्या स्वर्गस्थ बातमीदाराकडून’ म्हणून छापावयाच्या काय? एक लाभ मात्र निर्विवाद होता. मृत्युलेखात केलेली स्तुती परत घेता येत नाही. पगारवाढीच्या अर्जास धन्याच्याच हातचा असा दाखला जोडण्याचे भाग्य किती नोकरांस लाभते?

येथवर विनोद. परंतु त्या जुलै महिन्यात युरोपात सूडाची जी आरोळी उठली, तीत जिवंत माणसांच्या खुनाचाही वाटा होता. वेढ्यात माणसे पडत होती, जर्मन वकील फॉन केटेलर यास खरोखरच ठार मारले होते, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. पण लोकांच्या डोळ्यांपुढे चित्र उभे होते ते समूळ कत्तलीचे. पुढे ऑगस्टात आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगात शिरल्या. त्यांत आपल्या हिंदी पलटणीही होत्या. त्यानंतर त्या शहराची जी लूट झाली, ती ‘मॉरिसनसाहेब सुखरूप आहेत’ अशी दुरुस्ती वाचून कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही.

आणि एका मथळ्यापुढे तर ही माझी भूमितीची रीत मलाच नकोशी होते. १५ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ईव्हिनिंग सन’ने ‘टक्करीनंतर टायटॅनिकवरील सर्वजण वाचले’ असा मथळा छापला. जहाज ओढून हॅलिफॅक्स बंदराकडे नेले जात आहे, असेही खाली सांगितले. जहाज त्याच दिवशी पहाटे समुद्राच्या तळाशी गेले होते. हा मथळा खरा धरला, तर काय होते? सुमारे पंधराशे माणसे हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर उतरतात. कोणी भिजलेली पेटी हमालाच्या डोक्यावर देतो. कोणी बाई मुलाचा एक बूट हरवला म्हणून कावलेली असते. कोणी गृहस्थ कंपनीकडून तिकिटाचे पैसे परत घेतल्याखेरीज हलणार नाही म्हणतो. त्या जगात एक दिवस काय, जन्मभर राहावे असे वाटते. आणि त्या सायंकाळी न्यूयॉर्कमधील कितीतरी कुटुंबे त्याच जगात राहावयास गेली होती. आप्तांस आणण्याकरिता हॅलिफॅक्सकडे खास आगगाडी निघाली, ती वाटेतून परत फिरवावी लागली.

ही चूक झाली कशी, याचा जो उलगडा पुढे सांगण्यात आला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. बिनतारी यंत्रावर त्या दिवशी संदेशांची खिचडी झाली होती. टायटॅनिकवरील सर्व उतारू सुखरूप आहेत काय, असा एक प्रश्न जात होता. आणि तेल वाहणारे भलतेच एक जहाज ओढून नेले जात आहे, असा दुसरा संदेश येत होता. दोहोंची मोट बांधली गेली. प्रश्नातले प्रश्नचिन्ह वाटेत गळाले, आणि उरले ते विधान मथळ्यात जाऊन बसले.

वाटेत गळालेल्या या चिन्हासाठी आमच्या भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे. तो म्हणजे ‘म्हणे’. ‘धरणाची दारे उघडली म्हणे.’ ‘त्यांच्या धाकट्याचे लग्न मोडले म्हणे.’ ओटीवर, विहिरीवर, लोकलच्या डब्यात तो दिवसातून शंभरदा ऐकू येतो, आणि आम्ही सुशिक्षित त्यास अडाणीपणाचे लक्षण समजतो. वास्तविक त्याहून प्रामाणिक शब्द व्याकरणात शोधून सापडावयाचा नाही. मी हे पाहिलेले नाही, कोणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आहे, तुम्ही आपली खात्री करून घ्यावी, इतके सारे बोलणारी बाई दोन अक्षरांत कबूल करून मोकळी होते. इंग्रजीस याकरिता अर्धे वाक्य खर्चावे लागते. तेव्हा मथळ्यात जागा नव्हती, ही सबब इंग्रज संपादकास एक वेळ शोभेल. मराठी संपादकास ती उपलब्धच नाही. तरीही तोंडी बातमीत जो शब्द न चुकता असतो, तोच छापील बातमीत प्रथम गळतो. हल्ली काही पत्रे त्याच्या जागी मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठोकून देतात. ते निराळे. ‘म्हणे’ सांगणाऱ्याचे अज्ञान कबूल करतो. हे प्रश्नचिन्ह तिसऱ्याच माणसावर चिखल उडवून स्वतः खिडकीआड होते.

घाईची सबब मला मुळीच मान्य नाही, आणि त्यास पुरावा त्याच रात्रीचा आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्यवस्थापक-संपादक कार व्हॅन अँडा यांच्यापुढेही तेच संदेश होते व तितकीच घाई होती. मदतीच्या हाका आल्यावर पुढे टायटॅनिकचे यंत्र मुके झाले, एवढीच गोष्ट त्यांनी ध्यानी घेतली. आणि जहाज बुडाले असले पाहिजे, असे अनुमान काढून तसे छापले. न्यायाने बोलावयाचे तर तेही अनुमानच. ते चुकते, तर मी आज याच लेखात त्यांस हसलो असतो. पण त्यांनी मौनाचा अर्थ लावला, आणि इतरांनी आपणास हवे तेच ऐकले. अधिकारी पुरुषाच्या तोंडचे शब्दही येथे तारीत नाहीत. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण वारल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले, सभागृहाने श्रद्धांजली वाहून काम तहकूब केले आणि आकाशवाणीने ती वार्ता देशभर नेली. जयप्रकाश मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरास. लोकसभेत ‘गेले म्हणे’ असे बोलता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो. पण खात्री होईतो गप्प बसण्यास कोणत्याही सभागृहाच्या नियमांत मनाई नसावी.

दोष एकट्या संपादकांचा आहे, असे म्हणून आपली सुटका करून घेणे मात्र मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या सुशिक्षित घरांत सकाळी चहाबरोबर मथळे मोठ्याने वाचून दाखवणारा एक कर्ता पुरुष असतो. (आमच्या घरी तो मीच.) मथळा वाचून होताच तो निकाल देतो, बातमी वाचण्याची त्यास गरज भासत नाही, कारण निकाल लागून गेलेला असतो. या पुरुषाने आजवर एखादी दुरुस्ती घरच्या मंडळींस मोठ्याने वाचून दाखवल्याचे कोणी पाहिले आहे काय? शब्दकोड्यात एक चौकोन चुकला, तर तो संपादकास खरमरीत पत्र लिहितो. जिवंत माणूस मेला, तर पान उलटतो.

माझी मागणी साधी आहे. चूक ज्या पानावर, ज्या जागी व ज्या टाइपात छापली, दुरुस्तीही त्याच पानावर, त्याच जागी व त्याच टाइपात छापली जावी. आणि जेथे बातमी ऐकीव आहे तेथे मथळ्यात ‘म्हणे’ घालण्याची लाज वाटू नये. यावर कोणी म्हणेल, असे झाले तर पहिले पान दुरुस्त्यांनीच भरून जाईल, बातम्या छापावयाच्या कोठे? भरून जाऊ द्या. ते पान भरते, हीच त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची बातमी असेल. दुसरा कोणी म्हणेल, दुरुस्त्या छापल्या जातातच की. जातात, पण केव्हा? अग्निबाण निर्वात पोकळीत चालणार नाही, आणि त्याचे स्वप्न पाहणाऱ्या प्राध्यापक गॉडार्ड यांस हायस्कुलात शिकवले जाते तेवढेही पदार्थविज्ञान येत नाही, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० रोजी लिहिले. ती चूक त्या पत्राने दिलगिरीपूर्वक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ रोजी, म्हणजे अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडार्ड १९४५ सालीच वारले होते. इतक्या सवडीने पेपर तपासणाऱ्या परीक्षकास कोणते विद्यापीठ ठेवून घेईल?

आणि ही कागदाची गोष्ट झाली. कागदावर निदान रद्दी तरी उरत असे; रद्दीवाल्याच्या दुकानात जाऊन, चार गठ्ठे उपसून, अमक्या दिवशी तुम्ही असे छापले होते, हे संपादकाच्या तोंडावर सांगता येत असे. आज मथळा मोबाइलच्या काचेवर येतो आणि चुकला तर तासाभरात तेथल्या तेथे बदलतो. सकाळी मेलेला मनुष्य दुपारी ‘अत्यवस्थ’ होतो आणि रात्री घरी जातो. आणि आपण सकाळी काय वाचले होते, याचा आपणाजवळ पुरावा म्हणून काही राहत नाही. दरम्यान तो सकाळचा मथळा मात्र नात्यागोत्याच्या सर्व गटांतून फिरून आलेला असतो. यास कोणी तत्परतेची दुरुस्ती म्हणत असतील. मी यास खर्डा गिळणे म्हणतो. काचेवरही जुन्या शब्दांवर आडवी रेघ मारून ते तसेच दिसू देण्याची सोय आहे. ती वापरावी. काट मारलेला शब्द दिसला म्हणून कोणाची अब्रू जात नाही. आम्ही इतकी वर्षे वह्या तपासल्या, खाडाखोडीबद्दल कोणाचे गुण कापले नाहीत.

शिकागोच्या त्या पत्राविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४८ च्या निवडणुकीस पंचवीस वर्षे होतील तेव्हा त्याच मथळ्याची प्रतिकृती कोरलेला फलक ट्रूमनसाहेबांस भेट द्यावा, असे त्यांनी योजले होते म्हणे. २६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रूमनसाहेब वारले, आणि फलक द्यावयाचा राहिला.